रखमाबाई : २००० रुपये देऊन सुटका झाली, पण त्यांचा प्रश्न आजही कोर्टात आहे

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टाने २२ वर्षांच्या एका मुलीसमोर दोन पर्याय ठेवले. एक तर नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

मुलीने कळवलं, तुरुंगात जाईन.

ही मुलगी म्हणजे रखमाबाई. आज आपण त्यांना ओळखतो ते डॉक्टर म्हणून. भारतात प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. २०१६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, २०१७ मध्ये त्यांच्या जयंतीला गुगलने डूडल केलं. पण डॉक्टर होण्याआधीची चार वर्षं त्यांनी कोर्टात काढली होती आणि ज्या कायद्याशी त्या भांडल्या, तो आजही भारतात लागू आहे.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातल्या घरातला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या समाजात विधवेच्या लग्नाला मनाई नव्हती. मात्र लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर करून टाकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कोर्टात ती येते.

सखाराम अर्जुन हे डॉक्टर होते, वनस्पतींचे अभ्यासक होते. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. घरात सुधारकांची ये-जा असायची. तरीही रखमाचं लग्न अकराव्या वर्षीच झालं. नवरा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, वय साधारण १९-२०. त्याने घरजावई म्हणून राहायचं आणि शिकायचं, असं ठरलं होतं.

दादाजीचं शिक्षणात मन रमलं नाही. तो मामाकडे राहायला गेला. रखमा आईकडेच राहिली आणि घरी बसून वाचत राहिली. एवढ्या लहान मुलीला नांदायला पाठवायला सखाराम अर्जुन यांचा विरोध होता. वर्षं गेली. लग्न झालेलं होतं, पण संसार एका दिवसाचाही झाला नव्हता.

नोटीस आली आणि प्रकरण कोर्टात गेलं

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली. माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा, अशी मागणी होती. रखमाबाईंनी नकार दिला. दादाजी गरीब आहे, त्याची प्रकृती ठीक नसते, तो मामाच्या आश्रयाने राहतो, अशी कारणं त्यांच्या बाजूने दिली गेली. दादाजीच्या बाजूचं म्हणणं होतं की, मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरचे लोकच मुलीला अडवतायत.

दादाजीने दावा लावला तो वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा. साध्या भाषेत, बायकोला नांदायला यायला लावणारा दावा. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले, आणि खटल्याच्या ऐन तोंडावर रखमाबाईंचा मोठा आधार गेला.

खटला न्यायमूर्ती रॉबर्ट पिन्ही यांच्यासमोर चालला. रखमाबाईंच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, जे पुढे स्वतः मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हींनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधारच नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला आहे, असं त्यांचं मत होतं. शिवाय इंग्लंडमध्येही हा दावा एकत्र राहून वेगळे झालेल्या जोडप्यांसाठी होता. इथे तर दोघं कधी एकत्र राहिलेच नव्हते. मग पुनर्स्थापना कशाची करायची?

सगळी मुंबई दोन गटांत

निकालानंतर मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं छापून आली होती. ती लिहिणारी बाई म्हणजे रखमाबाईच, हे नंतर उघड झालं. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांचा गट होता. इंग्रज न्यायाधीशाने हिंदूंच्या लग्नसंस्थेत हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. लहानपणी लग्न झालेली एक मुलगी कोर्टात जाऊन नाही म्हणू शकली, तर तशाच पद्धतीने झालेल्या लाखो लग्नांचं काय, ही भीती त्यामागे होती. गंमत अशी की, धर्माच्या नावाने ज्या दाव्याची बाजू घेतली जात होती, तो दावा मुळात इंग्रजांनीच आणला होता, असं खुद्द पिन्हींच्या निकालात म्हटलं होतं.

आणखी एक विरोधाभास होता. असा हुकूम मोडला म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने स्वतःच्या देशात १८८४ मध्येच काढून टाकली होती. भारतात मात्र ती चालूच होती.

मार्च १८८६ मध्ये अपिलात पिन्हींचा निकाल फिरला. मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी खटला पुन्हा चालवायला सांगितला. तो न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर आला आणि ४ मार्च १८८७ चा तो हुकूम निघाला. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या, त्याला तेव्हा जेमतेम आठवडा होत होता.

राणीने लग्न मोडलं का?

व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून रखमाबाईंचं लग्न रद्द केलं, अशी गोष्ट इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सापडते. प्रकरण प्रत्यक्षात मिटलं ते तडजोडीने. रखमाबाईंनी अपील केलं, त्यांच्यासाठी मुंबईत आणि इंग्लंडमध्ये पाठिंबा उभा राहिला, आणि जुलै १८८८ मध्ये दोन्ही बाजूंचं जमलं. दादाजीने २००० रुपये घेतले आणि हुकूम अमलात आणण्याचा आग्रह सोडला. पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्नही केलं.

म्हणजे रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत, पण जिंकल्याही नाहीत. बाईला तिच्या मनाविरुद्ध नांदायला पाठवता येतं का, या प्रश्नावर कोर्टाचं शेवटचं उत्तर त्यांच्या विरोधातच राहिलं. त्यांचं लग्नही कोणी मोडलं नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लिखाणात येतो.

डॉक्टर रखमाबाई

१८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिलं होतं. लंडनच्या स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर आधी सुरत आणि मग राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडदा पद्धत बंद व्हावी म्हणूनही त्यांनी लिहिलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कायद्याचं पुढे काय झालं?

रखमाबाईंचा खटला आणि बंगालमधलं फुलमणी दासी प्रकरण, यांतून उठलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींचं संमतीचं वय १० वरून १२ झालं. नांदायला गेलं नाही म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली.

पण दावा राहिला. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला. या कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापनाही आली. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी त्या गेल्या.

आज कलम ९ खाली नवरा किंवा बायको, कोणीही कोर्टात जाऊ शकतं. हुकूम पाळला नाही तर तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. म्हणून अनेकदा हा दावा एकत्र येण्यासाठी कमी आणि पुढच्या लढाईची तयारी म्हणून जास्त लावला जातो.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या शरीरावरचा आणि खासगी आयुष्यावरचा तिचा हक्क यात जातो, असं न्यायमूर्ती चौधरी यांचं म्हणणं होतं. पण त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने उलट निकाल दिला आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरोज राणी खटल्यात कलम कायम ठेवलं.

२०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्याच आधारावर २०१९ मध्ये गुजरातमधल्या कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनी कलम ९ ला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने झारखंडमधल्या एका वेगळ्या प्रकरणात सांगितलं की, नवऱ्याने असा हुकूम मिळवला आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी बंद करता येत नाही. नकारामागे पुरेसं कारण आहे का, ते बघावं लागेल.

म्हणजे नाही म्हणणाऱ्या बाईला आजही कोर्टात कारण सांगावं लागतं. रखमाबाईंनाही १८८५ मध्ये तेच करावं लागलं होतं.