खासगी आणि दौलत

नवराबायकोच्या मनांत अंतर नसेल तर त्यांच्या पैशांतहि अंतर असूं नये, असें आमच्यांतील पुष्कळ सद्गृहस्थांस प्रामाणिकपणें वाटतें. परंतु पैसा एक झाला कीं तिजोरीची किल्ली बहुधा पतीच्याच हातीं जाते, आणि पत्नीनें चार रुपये निराळे ठेविले कीं तिच्या निष्ठेचीच शंका घेतली जाते. अशा गृहस्थांनीं पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचें चरित्र या दृष्टीनें एकदां पाहावें.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडी गांवीं झाला. ज्या घरीं त्या सून होऊन आल्या, त्या घरीं १७३४ सालींच त्यांच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नांवें पेशव्यांनीं सालीना २,९९,०१० रुपये उत्पन्नाची खासगी जहागीर करून दिली होती. दौलतीचा जमाखर्च निराळा, खासगीचा निराळा. यामुळें मल्हाररावांचा मान तिळमात्र उणा झाला नाहीं. सरदाराची मिळकत तरवारीच्या धारेवरची. तिच्या चढउतारापासून घरचें कांहीं तरी सुरक्षित राहिलें.

१७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत अहिल्याबाईंचे पति खंडेराव पडले. १७६१ सालीं गौतमाबाई निवर्तल्या आणि खासगी सुनेकडे आली. पुढें १७६६ त सासरे व १७६७ त पुत्र मालेराव गेले. महेश्वरीं राहून बाईंनीं १७९५ पर्यंत राज्य केलें. पण दोन्ही हिशेब त्यांनीं एकमेकांत मिसळूं दिले नाहींत. १७८० सालचा काशीविश्वेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, हा धर्मकार्याचा भार खासगीनें उचलला. फौज व कारभार यांचा दौलतीनें. म्हणूनच रयतेच्या पैशावर बाईंनीं पुण्य जोडलें, असें म्हणावयास जागा राहिली नाहीं.

स्वतंत्र पैसा म्हणजे चोरटा पैसा नव्हे, हा या चरित्राचा बोध आहे. संसाराचा वांटा दोघांनीं उघडपणें उचलावा. उरलेल्याचा हिशेब एकमेकांस मागूं नये. १९५६ च्या कायद्यानें हिंदु स्त्रीस तिच्या ताब्यांतील संपत्तीची पूर्ण मालकी दिली. तरीहि स्वतः मिळविलेल्या पगारांतून माहेरीं कांहीं पाठवावयाचें तर पतीची परवानगी मागणाऱ्या स्त्रिया घरोघर आहेत. अहिल्याबाईंच्या तसबिरीस हार घालणाऱ्यांनीं आधीं आपल्या घरांतील खासगी ज्या हातीं असावयाची त्या हातीं द्यावी.