जोडे शिवणारा आणि कादंबरीकार

लेखक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. प्रतिभा ही दैवी देणगी आहे, तिची लहर आली की लेखणी आपोआप चालते, हा समज फार खोल रुजवला गेला आहे. त्यामुळे दिवसभर राबून घरी आलेला आपला तरुण कागद पुढे ओढण्याआधीच माघार घेतो. आपल्या घरात कोणी लिहिले नाही, मग आपल्याला काय जमणार, असे तो स्वतःलाच सांगतो. अशा तरुणाने अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे आयुष्य समजून घ्यावे. हयातीची ३३ वर्षे टपाल खात्यात काढलेल्या या माणसाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

ट्रॉलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते. वकिली चालली नाही म्हणून त्यांनी शेती धरली, तीही बुडाली. मुलगा मात्र हॅरो या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत, स्थानिक रहिवाशांसाठी असलेल्या सवलतीवर जात होता. मैलोन्मैल चिखल तुडवत तो शाळेत पोहोचायचा. मळके कपडे पाहून मुले त्याला खेळात घेत नसत. एकदा तर खुद्द मुख्याध्यापकांनी भर रस्त्यात थांबवून त्याचा अवतार शाळेला लाज आणणारा आहे, असे सुनावले. ट्रॉलपचे कुळ प्रतिष्ठित होते, त्याच्या वाट्याला आली ती गरिबी; आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी तिची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही वर्गात असून वर्गाबाहेर राहणे म्हणजे काय, हे त्या पोराला कळले होते. साठीला आल्यावर आत्मचरित्र लिहितानाही ती जखम भरलेली नव्हती.

लिखाणाची शिस्त त्याला आईकडून मिळाली. फ्रान्सिस ट्रॉलप या बाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर, १८३२ साली, पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे सावकारांच्या भीतीने कुटुंब बेल्जियममधील ब्रूज गावी पळाले. तिथे एक मुलगा क्षयाने आणि नवरा आजाराने अंथरुणाला खिळला. दिवसभर त्यांची शुश्रूषा आणि रात्री जागून कादंबरी, असा या माउलीचा क्रम होता. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत एकाच घरात, एकाच हाताखाली होती. मुलगा गेला, नवरा गेला, पण लेखणी थांबली नाही, कारण चूल तिच्यावरच पेटत होती.

१८३४ साली ट्रॉलप लंडनच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून लागला. पगार वर्षाला ९० पौंड. पहिली सात वर्षे कर्ज, उशिरा येणे आणि वरिष्ठांची बोलणी यातच गेली. १८४१ मध्ये आयर्लंडला बदली झाली आणि माणूस बदलला. घोड्यावरून खेडोपाडी फिरायचे, टपालाच्या तक्रारी तपासायच्या, हे काम त्याने मन लावून केले. रस्त्यावर टपालपेटी उभी करण्याची सूचना त्यानेच चॅनेल बेटांवरून केली आणि ती १८५२ साली अमलात आली. या नोकरीतच त्याने लिखाण सुरू केले. १८४७ साली आलेल्या पहिल्या कादंबरीने एक पैसाही दिला नाही. १८५५ च्या ‘द वॉर्डन’ने पहिल्या दोन वर्षांत जेमतेम २० पौंड दिले. तो खचला नाही. दौऱ्यावर असताना आगगाडीच्या डब्यात मांडीवर पाटीसारखी फळी ठेवून तो शिसपेन्सिलीने लिहीत असे. त्याची पत्नी रोझ त्या मजकुराची सुवाच्य प्रत करीत असे.

१८५९ मध्ये लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला बिऱ्हाड केल्यावर त्याचा दिनक्रम पक्का झाला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेले वाचायचे. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. तीन तासांनी उठून, न्याहारी करून नोकरीच्या कामाला लागायचे. प्रत्येक कादंबरीसाठी तो एक वही आखत असे. त्यात दिवस आणि आठवडे मांडलेले असत आणि रोज किती पाने झाली याची नोंद असे. आठवड्याला साधारण ४० पाने, पानाला २५० शब्द. एखादा दिवस कोरा गेला तर ती कोरी जागा त्याला डोळ्यांत खुपत असे. १८५८ साली खात्याच्या कामासाठी इजिप्तला जाताना बोट लागून तो बेजार झाला. मधेच उठून ओकारी काढायचा आणि परत येऊन लिहायला बसायचा. या प्रवासात हाती असलेली ‘डॉक्टर थॉर्न’ संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पुढची कादंबरी सुरू केली.

ही सारी हकीकत त्याने आत्मचरित्रात उघडपणे लिहिली. पुस्तकांतून १८७९ पर्यंत मिळालेल्या सुमारे ६९ हजार पौंडांचा हिशेब शिलिंग-पेन्ससह दिला. जोडे शिवणारा कारागीर स्फूर्तीची वाट पाहत बसत नाही, एक जोड संपला की दुसरा हाती घेतो. लेखकानेही तसेच करावे, असे त्याचे सांगणे होते. ६ डिसेंबर १८८२ रोजी तो वारला आणि पुढच्या वर्षी हे पुस्तक निघाले. अनेक रसिकांना धक्का बसला. कलेची तुलना जोड्यांशी? घड्याळ लावून साहित्य? त्याची कीर्ती नंतर बराच काळ उतरली, त्याला हे आत्मचरित्रही कारण झाले असे मानले जाते. हाताने काम करणाऱ्याच्या पंगतीत लेखकाला बसवले, हाच त्याचा गुन्हा! ज्या देशात जोडे शिवणाऱ्या चर्मकाराला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या देशाला या गुन्ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अर्थात ट्रॉलपला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. कष्टाचे मोल सांगणाऱ्या याच माणसाने वेस्ट इंडीजचा प्रवास करून १८५९ साली पुस्तक लिहिले आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या मजुरांना आळशी ठरवले. चाबकाखाली फुकट राबलेल्या माणसाने मालकाच्या मळ्यावर पुन्हा राबायला नकार दिला, तर तो आळस कसा? स्वतःच्या तीन तासांचा हिशेब ठेवणाऱ्याला त्यांच्या पिढ्यांचा हिशेब दिसला नाही.

आणखी एक माणूस या गोष्टीत आहे. ट्रॉलपला पहाटे उठवून कॉफी देणारा म्हातारा मोतद्दार. त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो एकदाही चुकला नाही, आणि आपल्या यशाचे सर्वांत मोठे ऋण कदाचित त्याचेच, हे ट्रॉलपने मान्य केले. मालक साडेपाचला टेबलाशी बसायचा म्हणजे नोकर त्याच्याही आधी उठत होता. शिस्त त्याचीही तेवढीच होती. त्याच्या नावावर एकही पुस्तक नाही, कारण ती पहाट त्याने दुसऱ्याला विकली होती.

आपल्या आज्यापणज्यांच्या सगळ्याच पहाटा अशा दुसऱ्यांच्या कामी गेल्या. वाड्यावर, शेतावर, गिरणीत, खाणीत. त्यांच्यात प्रतिभा नव्हती असे नाही, त्यांच्याकडे स्वतःचे तीन तास नव्हते. आज आपल्यापैकी काहींना ते मिळाले आहेत. नोकरी आहे, दिवा आहे, वही आहे. तेव्हा स्फूर्तीची वाट पाहू नका. उद्या पहाटे अर्धा तास आधी उठा, एक पान लिहा आणि वहीत त्याची नोंद करा. परवा दुसरे पान लिहा.