हँक विल्यम्स : २९ वर्षांचे गाणे

शेतमजूर, गिरणी कामगार आणि ट्रकचालक यांची करमणूक म्हणून अमेरिकेतील शहरी समाजाने ज्या कंट्री संगीताकडे दीर्घकाळ नाक मुरडून पाहिले, त्याच संगीतातली गाणी या समाजाच्या ओठांवर आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हँक विल्यम्सकडे जाते. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि शालेय शिक्षणही त्याने अर्धवट सोडले होते. ध्वनिमुद्रणाची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची आणि आयुष्य अवघे २९ वर्षांचे. तरीही अमेरिकी गीतलेखनाचा विचार त्याचे नाव वगळून करता येत नाही.

हायरम हे त्याचे मूळ नाव. १७ सप्टेंबर १९२३ रोजी अलाबामा राज्यातील माउंट ऑलिव्ह या खेड्यात त्याचा जन्म झाला. मणक्यात जन्मजात दोष होता आणि त्यातून उद्भवलेल्या पाठदुखीने अखेरपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. वडील लाकूड कंपनीच्या रेल्वेवर काम करीत. १९३० मध्ये ते माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झाले आणि पुढची काही वर्षे घरी परतू शकले नाहीत. आई लिलीने खाणावळवजा लॉज चालवून मंदीच्या काळात संसार ओढला. लहानग्या हँकने रस्त्यावर भुईमूग विकले, लोकांच्या बुटांना पॉलिश केले.

याच रस्त्यावर त्याला त्याचा गुरू भेटला. ‘टी-टॉट’ या टोपणनावाने ओळखला जाणारा रूफस पेन हा कृष्णवर्णीय गायक जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल या गावांत गिटार वाजवून पोट भरत असे. गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीय माणसाच्या मागे फिरावे, हे त्या काळच्या अलाबामात साधे नव्हते. चार पैशांच्या किंवा जेवणाच्या मोबदल्यात पेनने त्याला गिटारचे धडे दिले. समोरच्या गर्दीला कसे धरून ठेवायचे, हेही त्याच्याकडूनच शिकायला मिळाले. हँकच्या गाण्यातला ब्लूजचा सूर इथून आला. १९३९ मध्ये मॉन्टगोमेरीतील धर्मादाय रुग्णालयात पेनचा मृत्यू झाला. शिष्याचे यश त्याला पाहता आले नाही. संगीत शिकवणारा एकमेव माणूस म्हणून हँकने त्याचे ऋण पुढे जाहीरपणे मान्य केले, एवढेच काय ते पेनच्या वाट्याला आले.

विल्यम्स कुटुंब १९३७ मध्ये मॉन्टगोमेरीला आले. तेथे स्थानिक नभोवाणी केंद्रावर हँक गाऊ लागला आणि ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ हा वाद्यवृंदही त्याने उभा केला. मद्याची सवयही याच वयात जडली. १९४४ मध्ये ऑड्री शेपर्डशी त्याचा विवाह झाला. ती महत्त्वाकांक्षी होती, तिला स्वतःलाही गायचे होते. या संसारातले प्रेम, भांडणे, ताटातूट आणि पुन्हा जुळवाजुळव यांतून हँकची उत्तमोत्तम गाणी जन्माला आली.

१९४६ च्या सप्टेंबरमध्ये तो नॅशव्हिलला गीतप्रकाशक फ्रेड रोझ याच्याकडे गेला. रोझ हा मुरलेला शहरी गीतकार. हँकने आणलेल्या कच्च्या गीतांतला फापटपसारा तो काढून टाकी, अडखळणारी ओळ सरळ करी. हा त्याचा हात नेमका किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. मात्र रोजच्या बोलण्यातले शब्द आणि पहिल्याच ऐकण्यात पाठ होणारी चाल हे हँकचे स्वतःचे होते. त्यात भर पडली ती मध्येच तुटल्यासारख्या होणाऱ्या आवाजाची.

योगायोग असा, की त्याला कीर्ती मिळाली ती दुसऱ्याच्या गाण्याने. ‘लव्हसिक ब्लूज’ हे १९२२ चे जुने गाणे. रोझला ते मुळीच पसंत नव्हते, हँक हट्टाला पेटला. १९४९ मध्ये हे गाणे सलग कित्येक आठवडे कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी राहिले. त्याच वर्षी ११ जून रोजी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रतिष्ठेच्या नभोवाणी कार्यक्रमात तो प्रथम गायला आणि श्रोत्यांनी त्याला पुनःपुन्हा मंचावर बोलावले. दोन वर्षांनी त्याचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ टोनी बेनेटने शहरी वाद्यवृंदासह गायले आणि ते देशभर गाजले. त्यानंतर मोठमोठे लोकप्रिय गायक त्याच्या गाण्यांसाठी रांग लावू लागले.

‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावाने त्याने नीतिपर, अर्धे गद्य आणि अर्धे गाणे अशा तबकड्याही काढल्या. मद्यालयांतील ज्यूकबॉक्सचे मालक हँकचे नाव पाहून डोळे झाकून तबकड्या मागवीत. ग्लास हातात घेतलेल्या गिऱ्हाइकांना प्रवचन ऐकावे लागू नये, म्हणून हे वेगळे नाव.

१९५१ च्या अखेरीस पाठीवर शस्त्रक्रिया झाली, पण वेदना थांबल्या नाहीत. मद्याच्या जोडीला वेदनाशामके आली. १९५२ मध्ये ऑड्रीशी कायमचा काडीमोड झाला. कार्यक्रमांना गैरहजर राहणे किंवा मद्यधुंद अवस्थेत पोहोचणे नित्याचे झाले आणि ऑगस्टमध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकले. शिस्त म्हणून निर्णय चुकीचा ठरवता येत नाही. पण त्या आजारी माणसावर उपचार व्हावेत याची निकड नॅशव्हिलमध्ये फारशी कुणाला वाटली नाही, हेही खरे. उपचारासाठी जो भेटला तो बनावट पदवीचा ‘डॉक्टर’ होता आणि त्याने घातक गुंगीची औषधे दिली. अशा अवस्थेत २३ सप्टेंबर १९५२ रोजी हँकने शेवटचे ध्वनिमुद्रण केले. ‘युअर चीटिन हार्ट’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध गाणे त्याच दिवशीचे. पुढच्याच महिन्यात त्याने बिली जीन या तरुणीशी विवाह केला आणि न्यू ऑर्लीन्समध्ये त्या सोहळ्याचीही तिकिटे विकली गेली.

नववर्षदिनी ओहायोतील कँटन येथे त्याचा कार्यक्रम होता. खराब हवामानामुळे विमान रद्द झाले, म्हणून एका महाविद्यालयीन तरुणाने चालवलेल्या कॅडिलॅक मोटारीतून तो निघाला. नॉक्सव्हिलमध्ये त्याला मॉर्फिनची इंजेक्शने देण्यात आली होती. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील ओक हिल येथे तो मागच्या आसनावर मृत असल्याचे लक्षात आले. मॉन्टगोमेरीतील अंत्यविधीला हजारोंचा जनसमुदाय लोटला. ज्या ऑप्रीने त्याला दूर केले, तिथले कलावंतही गायला आले होते.

अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी, ६ जानेवारीला, दुसऱ्या एका स्त्रीपासून झालेली त्याची मुलगी जन्मली. ती दत्तक दिली गेली आणि पित्याचे नाव तिला अनेक वर्षे कळू दिले गेले नाही. जेट विल्यम्स या नावाने पुढे गायिका झालेल्या या मुलीला अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये न्याय दिला आणि वडिलांच्या गीतांच्या उत्पन्नात तिचा वाटा मान्य झाला.

१९६१ मध्ये कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या तिघांत हँक आणि फ्रेड रोझ दोघेही होते. २०१० मध्ये पुलित्झर मंडळाने हँकच्या गीतलेखनाचा विशेष गौरव केला. त्याच्या मागे राहिलेल्या वह्यांत चाली न लागलेली कित्येक गीते होती. बॉब डिलनसह अनेक कलावंतांनी त्यांना चाली लावून २०११ मध्ये अल्बम काढला. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिचाही त्यात सहभाग आहे. भारतात खूप ऐकल्या गेलेल्या तिच्या २००२ मधील पहिल्या अल्बममध्येही ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ आहेच.