रायचो : ध्यानाच्या आसनावरून अणुबॉम्बविरोधी लढ्याकडे

वस्त्यांमध्ये काम करताना विहारातल्या बैठकांना माझे नेहमी जाणे होते. तिथे एक वाद हमखास निघतो. काही जणांचे म्हणणे असते की डोळे मिटून शांत बसायला शिका, बाकी सगळे आपोआप सुटेल. दुसरे म्हणतात, ध्यान ही पळवाट आहे, खरा धम्म मोर्चात आहे. हा वाद ऐकताना मला दरवेळी हिरात्सुका रायचो या जपानी स्त्रीची आठवण येते. २४ मे हा त्यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, म्हणून हा लेख.

रायचो यांचा जन्म १० फेब्रुवारी १८८६ रोजी टोकियोत झाला. मूळ नाव हारू. वडील सरकारी लेखापरीक्षण खात्यात अधिकारी होते. घर सुखवस्तू होते, पण मुलीने आज्ञाधारक बायको आणि शहाणी आई व्हावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. जपान महिला विद्यापीठात शिकत असताना या मुलीला धर्माविषयी, ‘मी’ म्हणजे कोण याविषयी प्रश्न पडू लागले. उत्तर शोधत ती झेन गुरू शाकु सोकात्सु यांच्या साधनागृहात पोहोचली. झेन परंपरेत गुरू शिष्याला कोआन देतात. कोआन म्हणजे निव्वळ तर्काने न सुटणारे कोडे. १९०६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिला बोधाचा अनुभव आल्याची मान्यता गुरूंनी दिली. पुढे नान्तेन्बो या दुसऱ्या नामांकित गुरूंकडेही तिने साधना केली.

या साधनेतून तिला एक गोष्ट उमगली. माणसाच्या आत जी शक्ती आहे, ती स्त्री किंवा पुरुष नसते. मग स्त्रीला दुय्यम ठरवणारे नियम आले कुठून? ते माणसांनी केलेले आहेत, म्हणजेच ते बदलता येतात. बुद्धाने भिक्खुणी संघाला मान्यता दिली, त्यामागचा विचार आठवला की हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सप्टेंबर १९११ मध्ये तिने ‘सेइतो’ हे स्त्रियांनी चालवलेले मासिक काढले. आईने लेकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठी दिले. याच मासिकासाठी तिने ‘रायचो’ हे नाव घेतले. रायचो म्हणजे उंच, थंड डोंगरांवर राहणारा एक पक्षी. प्रेम, लग्न, गर्भपात, वेश्याव्यवसाय अशा विषयांवर बायका स्वतः लिहू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली, सरकारने काही अंकांवर बंदी आणली. रायचो यांनी ओकुमुरा हिरोशी या चित्रकारासोबत संसार केला, पण विवाहाची नोंदणी केली नाही. स्त्रीला कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात देणारा कायदाच त्यांना मान्य नव्हता. दोन्ही मुले त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवली.

त्या काळी जपानमध्ये स्त्रियांना राजकीय सभेला हजर राहण्याचीही बंदी होती. रायचो यांनी इचिकावा फुसाए यांच्यासोबत नवस्त्री संघटना उभारली. १९२० पासून या संघटनेने सह्या गोळा केल्या, संसद सदस्यांचे उंबरे झिजवले. १९२२ मध्ये कायदा बदलला आणि सभांचे दार उघडले. मतदानाच्या हक्कासाठी मात्र दुसरे महायुद्ध संपेपर्यंत थांबावे लागले.

इथपर्यंतची गोष्ट सरळ अभिमानाची आहे. पण रायचो यांच्या आयुष्यातला पुढचा भाग लपवून चालणार नाही. गुप्तरोग झालेल्या पुरुषांना लग्नाची बंदी करावी, अशी मागणी त्यांच्या संघटनेने केली होती. तिच्यामागे स्त्रियांच्या आरोग्याची काळजी होती, तशी ‘चांगली’ आणि ‘वाईट’ संतती असा भेद करणारी विचारसरणीही होती. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे काय असते, हे आपण भोगलेले आहे. त्यामुळे ही चूक आपल्याला खटकलीच पाहिजे.

त्याहून गंभीर गोष्ट १९३० च्या दशकातली. जपान चीनवर चालून गेला, तेव्हा रायचो उघडपणे विरोधात उभ्या राहिल्या नाहीत. त्या काळातल्या त्यांच्या काही लेखनात सम्राटाविषयी भक्तिभाव दिसतो. अनेक झेन मठांनी आणि गुरूंनी तर युद्धाला आशीर्वादच दिले. १९४१ मध्ये, मुलाला सैन्यात अडचण येऊ नये म्हणून, रायचो यांनी इतकी वर्षे नाकारलेली विवाहनोंदणी केली. पुढच्या वर्षी त्या टोकियो सोडून खेड्यात गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवत, शेळ्या पाळत राहिल्या.

डोळे मिटून मिळालेली शांती माणसाला युद्धाविरुद्ध उभे करतेच असे नाही, हा या वर्षांचा धडा आहे.

हिरोशिमा आणि नागासाकीनंतरच्या रायचो मात्र वेगळ्या होत्या. नव्या संविधानाने जपानला युद्धाचा त्याग करायला लावला, तो त्याग टिकवणे हेच त्यांनी उरलेल्या आयुष्याचे काम मानले. जून १९५० मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी इतर चार जणींसोबत अमेरिकेचे दूत जॉन फॉस्टर डलेस यांना निवेदन पाठवले. जपानला निःशस्त्र आणि तटस्थ राहू द्या, अशी त्यांची मागणी होती. १९५३ मध्ये जपानी महिला संघटनांचा महासंघ स्थापन झाला आणि त्या त्याच्या अध्यक्ष झाल्या.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तो हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बपेक्षा सुमारे हजार पट शक्तिशाली होता. किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली. त्यातले एक जण सप्टेंबरमध्ये मरण पावले. बाजारातली मासळी फेकून द्यावी लागली. बॉम्ब आता थेट स्वयंपाकघरात आला होता. टोकियोच्या सुगिनामी भागात गृहिणी आणि मासळी विक्रेत्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली. अशा मोहिमा देशभर पसरल्या आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत ३ कोटींहून अधिक सह्या जमल्या.

रायचो यांच्या महासंघाने जगभरच्या स्त्रियांना हाक दिली. तिला प्रतिसाद म्हणून जुलै १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मातांची जागतिक परिषद भरली. त्याच वर्षी जागतिक शांततेचे आवाहन करणारी सात जणांची समिती स्थापन झाली. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ युकावा हिदेकी यांच्यासोबत रायचो तिच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांनी इतर स्त्रियांसह नवी जपानी महिला संघटना उभी केली. अणुयुद्धाच्या धोक्यापासून स्त्रिया आणि मुलांचे जीव वाचवणे, हे तिचे पहिले उद्दिष्ट आहे. ती आजही काम करते. रायचो यांनी व्हिएतनाम युद्धालाही विरोध केला. १९७० मध्ये, ८४ व्या वर्षी, अमेरिकेशी केलेल्या सुरक्षा कराराविरुद्ध त्या आपल्या घराजवळच्या रस्त्यावर निदर्शनाला उतरल्या. २४ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या देशाने पोखरणला अणुचाचणी केली. ती जगभर ‘हसरा बुद्ध’ या नावाने ओळखली जाते. ११ मे १९९८ ला पुन्हा चाचण्या झाल्या, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. ज्या सिद्धार्थाने रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धाला शाक्य संघात विरोध केला आणि त्यापायी घर सोडले, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये मांडले, त्याचे नाव बॉम्बला! दर बुद्धपौर्णिमेला आपण मिरवणूक काढतो, खीर वाटतो. पण या नावावर हरकत घेणारा एक तरी ठराव आपल्या विहारात झाला आहे का?

म्हणून ध्यान की मोर्चा हा वादच मला चुकीचा वाटतो. रायचो यांना ध्यानाने स्वतःची ताकद दाखवली, पण युद्धाच्या वर्षांत ते पुरे पडले नाही. ती ताकद संघटनेत, सह्यांच्या कागदांवर, रस्त्यावर आली तेव्हाच करुणेला हातपाय फुटले. उशीर झाला होता, पण चौसष्टाव्या वर्षीही सुरुवात करता येते, हेही त्यांनीच दाखवले. येत्या रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे मौन धरा, आणि डोळे उघडल्यावर हा ठराव बैठकीत मांडा.

नमो बुद्धाय! जयभीम!