प्राध्यापकांचा संघ

कर्णधार प्राध्यापक, विषय संस्कृत आणि वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. अशा माणसाच्या नेतृत्वाखाली एखादा संघ देशातील सर्वोच्च क्रिकेट स्पर्धा लागोपाठ दोन वर्षे जिंकेल, यावर आज विश्वास बसणे कठीण. परंतु १९३९-४० आणि १९४०-४१ या दोन हंगामांत महाराष्ट्राने रणजी करंडक पटकावला, तो दिनकर बळवंत देवधर यांच्याच नेतृत्वाखाली.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले होते. पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवू लागले आणि 'प्रोफेसर' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला असता अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या. मात्र त्याच महिन्यात सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून त्याच पाहुण्यांविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावांचे वादळ उभे केले होते. लोकांच्या स्मरणात राहिले ते वादळ.

भारताचा पहिला कसोटी संघ १९३२ मध्ये इंग्लंडला रवाना झाला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. वयाचे कारण पुढे करून त्यांना वगळण्यात आले. कसोटीचे दार त्यांच्यासाठी जे बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. एखादा दुसरा खेळाडू या निर्णयानंतर बॅट खुंटीला टांगून मोकळा झाला असता. देवधरांनी मात्र आपली उरलेली उमेद महाराष्ट्राच्या संघात ओतली.

तेव्हाचा महाराष्ट्राचा संघ म्हणजे आजचे राज्य नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. मुंबईचा संघ वेगळा होता, आणि वाशीमसह अवघा वऱ्हाड 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या संघात मोडत असे. पुणे हे केंद्र धरून उभ्या राहिलेल्या या संघाला मुंबईसमोर कोणी फारसे मोजत नसे. विजय हजारे, रंगा सोहोनी, चंदू सरवटे असे तरुण खेळाडू या संघात होते. आपल्याहून पंचवीस-तीस वर्षांनी लहान असलेल्या या मुलांबरोबर देवधर स्वतः मैदानात उतरत. वर्गातली शिस्त त्यांनी मैदानातही सोडली नाही.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. नागरवाला यांच्यासह त्यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भर घातली होती. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवत महाराष्ट्राने पहिला करंडक जिंकला.

दुसऱ्या वर्षी कसोटी अधिक कडक होती. पुण्यात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर उभारला आणि त्यात एकट्या देवधरांच्या धावा होत्या २४६! वयाचे निमित्त करून डावललेल्या माणसाने याहून स्पष्ट उत्तर ते काय द्यावे? मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले आणि धावफलक चढतच गेला. अखेर मुंबईचा डाव ६५० धावांवर संपला. दोन डावांत मिळून १,३२५ धावा झाल्या आणि निकाल लागला तो अवघ्या पंचवीस धावांच्या आघाडीवर. सोहोनींनी त्या हंगामात ६५५ धावा केल्या, त्यात पश्चिम भारत संस्थानांविरुद्धची नाबाद २१८ धावांची खेळीही आली. अंतिम सामना मद्रासमध्ये झाला. यजमानांना त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून हरवून करंडक पुन्हा पुण्याला आला.

हा संघ पुढे विखुरला. हजारे बडोद्याला गेले, सरवटे होळकर संघात स्थिरावले. देवधर मात्र खेळतच राहिले. १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावली, १०५ आणि १४१. दोन वर्षांनी भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यात हजारे, सोहोनी आणि सरवटे हे तिघेही होते. त्यांच्या कर्णधाराची कसोटी सामन्यांची पाटी मात्र कोरीच राहिली.

पुढे निवड समितीत आणि क्रिकेटच्या कारभारात त्यांनी काम केले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटन गाजवले. १९७३-७४ मध्ये त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला, तोही मर्यादित षटकांचा. दिवसचे दिवस खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या फलंदाजाच्या नावाने असा करंडक असावा, हा योग मजेशीरच म्हणायचा. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९७०-७१ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण तेथे मुंबई आडवी आली. १९९२-९३ मध्ये पुन्हा संधी चालून आली, तेव्हा प्राध्यापकांनी शंभरी ओलांडली होती. लुधियानात पंजाबने महाराष्ट्राला हरवले. त्यानंतर काही महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी, पुण्यात देवधरांचे निधन झाले.