दोराबजी टाटा : पोलादाचा शेअर चढताना आणि कोसळताना पाहिलेला माणूस

टाटा स्टीलच्या शेअरचा लांब पल्ल्याचा आलेख काढला तर तो सरळ वर जाताना दिसत नाही. काही वर्षं तेजी, मग तितकीच वाईट पडझड, पुन्हा तेजी. हे आजकालचं नाही. कंपनीच्या पहिल्या वीस वर्षांतच हे चक्र एकदा पूर्ण फिरलं होतं, आणि त्या वेळी कंपनीच्या अध्यक्षपदी होते दोराबजी टाटा.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव १८५९ साली मुंबईत जन्मले. केंब्रिजला दोन वर्षं काढून परतले, सेंट झेवियर्समधून पदवी घेतली आणि काही काळ 'बॉम्बे गॅझेट'मध्ये पत्रकारिताही केली. पुढे ते वडिलांच्या कापसाच्या धंद्यात आले. पोलाद हे स्वप्न मुळात वडिलांचं. १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या लोहारा इथल्या लोहखनिजावरचा एक अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला आणि तिथून ते या विषयाच्या मागे लागले. सरकारी परवान्याचे नियम सैल व्हायला मात्र वीसेक वर्षं गेली.

परवाना मिळाल्यावर दोराबजी चांद्याच्या जंगलात फिरले. लोहाराचं खनिज चांगलं होतं, पण विखुरलेलं, आणि जवळच्या वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीला लागणारा कोक होईना. शोध थांबवतोय हे कळवायला ते नागपूरला गेले. साहेब भेटेपर्यंत वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भूगर्भाचा एक रंगीत नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग भागावर लोहखनिजाचा गडद रंग होता. योजना मरता मरता वाचली ती अशी. पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे शोध मयूरभंजकडे वळला आणि कारखाना साकचीला उभा राहिला. दुर्गचं ते खनिज आज भिलाईच्या कारखान्याला जातं.

१९०४ साली जमशेटजी गेले. भांडवल उभं करायचं काम दोराबजींवर आलं. लंडनच्या बाजाराने दाद दिली नाही. मग २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत कंपनीची नोंदणी झाली आणि शेअर इथल्याच लोकांपुढे ठेवले गेले. स्वदेशीचे दिवस होते. टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी भांडवल भरलं. नंतर खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकट्याने घेतले.

शेअर तीन प्रकारचे होते. १५० रुपयांचा प्रेफरन्स, म्हणजे आधी ठरलेला सहा टक्के लाभांश घेणारा. ७५ रुपयांचा ऑर्डिनरी, म्हणजे साधा. आणि ३० रुपयांचा डिफर्ड, ज्याचा नंबर सगळ्यात शेवटी. बाकीच्यांचं देऊन नफा उरला तरच याला काही मिळणार. म्हणून कंपनीचा नफा थोडा वाढला की या शेअरची कमाई कितीतरी वाढायची, आणि थोडा घटला की शून्यावर यायची. 'टाटा डिफर्ड' हा मुंबईच्या सट्टेबाजांचा लाडका शेअर झाला तो यामुळेच.

१९१२ च्या फेब्रुवारीत साकचीला पहिलं पोलाद निघालं आणि दोन वर्षांत महायुद्ध सुरू झालं. परदेशी पोलाद येणं आटलं, सरकारला मेसोपोटेमियापर्यंत रूळ हवे होते. भाव चढले, नफा चढला, शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट झाले. १९१९ साली साकचीचं जमशेदपूर झालं.

इथे पोलादाच्या शेअरची मेख समजून घ्यायला हवी. पंचवटीतून गोदावरी ओलांडून नाशिकच्या भांडीबाजारात गेलं की तांब्या-पितळेच्या भांड्याची किंमत धातूच्या भावावर हलते. दुकानाचं भाडं, कारागिरांची मजुरी मात्र तशीच राहते. पोलाद कारखान्याचं मोठ्या प्रमाणावर हेच आहे. भट्टी, रूळ, कर्जाचं व्याज हा खर्च ठरलेला. विक्रीचा भाव जगाच्या हाती. त्यामुळे तेजीच्या टोकाला नफा फुगतो आणि पीई रेशो, म्हणजे एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट किंमत मोजतोय तो आकडा, सगळ्यात लहान दिसतो. शेअर स्वस्त वाटतो. खरं तर तोच धोक्याचा काळ. मंदीत नफा संपतो, रेशो भलामोठा होतो किंवा काढताच येत नाही, आणि पुष्कळदा खरेदीची वेळ तीच असते.

या चुकीतून खुद्द कंपनीही सुटली नाही. तेजीच्या भरात दोराबजींच्या मंडळाने कारखाना कित्येक पटींनी वाढवायचं ठरवलं. यंत्रं महागात घेतली, आणि ती सुरू व्हायच्या सुमारास जगभर पोलाद पडलं. बेल्जियमचा स्वस्त माल आला. १९२३ च्या भूकंपाने जपान हे कच्च्या लोखंडाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. शेअर दर्शनी किमतीच्या बराच खाली आला आणि साध्या शेअरवरचा लाभांश वर्षानुवर्षं बंद राहिला. (२००७ मध्ये कोरस घेताना आणि लगेच २००८ ची मंदी आली तेव्हा ही जुनी फाईल कुणी उघडली असती तर बरं झालं असतं.)

१९२४ मध्ये जमशेदपूरहून तार आली की पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात पत्नी मेहेरबाईंचे दागिने आणि २४५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. बाजार ज्या कागदाला विचारत नव्हता त्याच्यामागे घरातलं सगळं लावणं हा गुंतवणुकीचा निर्णय म्हणून कुणीही वेडेपणाच ठरवला असता. पैसा मिळाला, पगार झाले. जूनमध्ये विधिमंडळाने पोलादाला संरक्षण देणारा कायदाही केला. तो झाला नसता तर हिराही गेला असता आणि कारखानाही.

विशेष म्हणजे याच काळात ते खेळाडूंवरही खर्च करत होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी पोरं पाहून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू पाठवण्यात पुढाकार घेतला होता. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या नजरेत मात्र हेच टाटा जमीन बुडवणारे होते; सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच वर्षांतला.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी १९३२ च्या मार्चमध्ये हिऱ्यासह आपली संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि ३ जूनला जर्मनीत त्यांचं निधन झालं. जगात तेव्हा महामंदी होती. पोलादाची पुढची तेजी यायला आणखी चार-पाच वर्षं लागली. हिरा १९३७ साली विकला गेला आणि त्या निधीच्या पैशातून १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. त्यांचे टाटा सन्समधले शेअरही याच निधीकडे गेले. टाटा स्टीलमध्ये सर्वांत मोठा वाटा आजही टाटा सन्सचाच आहे, त्यामुळे चांगल्या वर्षी कंपनी लाभांश देते तेव्हा त्यातला एक भाग फिरून दोराबजींच्या निधीपर्यंत पोहोचतो.