विश्लेषण : बालपणीचे लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा लढा आजही का महत्त्वाचा?

अकराव्या वर्षी आपल्या संमतीविना लागलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, अशी भूमिका घेऊन मुंबईतील एका तरुणीने १८८०च्या दशकात नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. त्यासाठी तुरुंगात जाण्याचीही तिची तयारी होती. ही तरुणी म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई. स्वतःवरील दाव्यातून उभा राहिलेला प्रश्न त्यांनी देशातील सर्व मुलींच्या सुरक्षिततेशी जोडला.

रखमाबाईंचे बालपण कसे होते?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. त्यांच्या सुतार समाजात विधवाविवाहाला मान्यता होती. त्यामुळे आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम हे नामवंत डॉक्टर आणि वनस्पतीअभ्यासक होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. मात्र कोवळ्या वयात मुलीला नांदायला पाठवण्यास सावत्र वडिलांचा विरोध होता. त्यामुळे त्या माहेरीच राहिल्या. शाळा सुटली, तरी घरी पुस्तके आणून त्या वाचत राहिल्या. आईबरोबर प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. स्त्रियांच्या प्रश्नांवरील जाहीर चर्चेची ओळख त्यांना तिथे झाली.

दादाजींचा दावा काय होता?

लग्नानंतर दादाजींनी शिकावे, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. १८८४ मध्ये त्यांनी पत्नीने नांदायला यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाई तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. दादाजींची प्रकृती आणि बेताची परिस्थिती ही नकाराची कारणे होतीच. पण मूळ मुद्दा संमतीचा होता. समज येण्यापूर्वी लावलेले लग्न मोठेपणी मान्य करण्याची सक्ती का, हा तो प्रश्न. विशेष म्हणजे अशा दाव्याची तरतूद मूळच्या हिंदू धर्मशास्त्रातील नव्हती. ती इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आली होती.

न्यायालयांनी काय ठरवले?

न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. कधी एकत्र न राहिलेल्या स्त्रीला इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे पाठवणे त्यांना मान्य नव्हते. त्यावर वादळ उठले. परकीय न्यायाधीशांनी हिंदू विवाहसंस्थेत ढवळाढवळ केली, अशी टीका झाली. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनीही रखमाबाईंना विरोध केला. दादाजींच्या अपिलानंतर १८८६ मध्ये खटला पुन्हा चालवण्याचा आदेश झाला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, अन्यथा सहा महिने कैद, असा निकाल दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि तुरुंगवास टळला.

एकीचा प्रश्न सर्वांचा कसा झाला?

खटला सुरू असतानाच, १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. बालविवाहामुळे मुलींचे शिक्षण कसे तुटते आणि सक्तीच्या वैधव्यात त्यांचे काय होते, हे त्यांत मांडले होते. लेखिका रखमाबाईच होत्या. त्यांच्या पाठीशी बेहरामजी मलबारींसारखे सुधारक आणि डॉ. एडिथ पीची उभ्या राहिल्या. १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापलेल्या पत्रात त्यांनी नेमकी मागणी केली : मुलीचे वय १५ आणि मुलाचे २० पूर्ण होण्याआधीचा विवाह न्यायालयाने कायदेशीर मानू नये. या खटल्याने पेटलेली चर्चा शमली नाही. बंगालमध्ये फुलमणी या बालविवाहितेचा पतीच्या शरीरसंबंधाच्या सक्तीमुळे मृत्यू झाल्यावर ती आणखी तीव्र झाली आणि १८९१च्या कायद्याने संमतीवय १० वरून १२ झाले.

पुढे त्यांनी काय केले?

१८८९ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून परतल्या आणि सुमारे ३५ वर्षे सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. बाळंतपणासाठी रुग्णालयात यायला तेव्हा बायका घाबरत. ती भीती घालवण्यासाठी सुरतेत त्यांनी गाभण शेळीची सुटका रुग्णालयात करून दाखवली, अशी आठवण सांगितली जाते. निवृत्तीच्या सुमारास पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिकाही लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची मागणी पूर्ण झाली का?

अंशतः. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या पत्नीला कैद करण्याची तरतूद गेली. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. रखमाबाईंनी मागितलेले १५ हे वय १९४९च्या दुरुस्तीने आले, म्हणजे त्यांच्या पत्रानंतर ६२ वर्षांनी. १९७८ मध्ये ते १८ झाले. मात्र त्यांच्या निधनाच्याच वर्षी लागू झालेल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदायला येण्याच्या दाव्याची तरतूद कायम राहिली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ती वैध मानली. शिवाय २००६च्या कायद्यानुसार बालविवाह हा गुन्हा असला, तरी तो सरसकट आपोआप रद्द ठरत नाही. बहुतेक वेळा बालवयात लग्न झालेल्या व्यक्तीलाच त्यासाठी न्यायालयात जावे लागते. कोवळ्या वयात लावलेले लग्न नाकारण्याचा भार आजही बव्हंशी त्या मुलीवरच आहे.